नाबोथाची बाग आणि दयेची मुदत



या सदरात एरवी आपण खताच्या मात्रा, बियाण्याची निवड, कांद्याची साठवण असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. शेतीबाहेरचा मात्र नाही.

भोसरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. माहेर चाकणच्या बाजूचे, यजमान कारखान्यात कामाला. नाव त्यांच्याच इच्छेवरून देत नाही. वडील वारल्यावर थोरल्या भावाने त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले आणि सोसायटीच्या कर्जाला लागते म्हणून सही घेतली. मागल्या दिवाळीत त्यांना कळले, की तो कागद हक्कसोडपत्राचा होता आणि जमीन गोदामासाठी विकलीही गेली. यंदा भावाला अर्धांगाचा झटका आला. बहीण भेटायला गेली तेव्हा तो रडला, हात जोडले, चुकलो म्हणाला. पैशाचा विषय त्याने काढला नाही आणि वहिनीने काढू दिला नाही.

आता घरचे सगळे त्यांना सांगतात, सोडून दे. शेजारी नगरकडच्या एक ख्रिस्ती काकू राहतात. त्यांनी मायेपोटी बायबलातली अहाब राजाची गोष्ट सांगितली. अहाबाने एका शेतकऱ्याचा जीव घेऊन त्याची बाग लाटली. पण पुढे पश्चात्ताप केला, तेव्हा देवाने त्यालासुद्धा माफ केले. मग आपण माणसांनी का अडून बसावे? भगिनी विचारतात, ही गोष्ट खरोखर अशीच आहे काय? आणि अशीच असेल, तर हिस्सा मागणे हे पाप होते काय?

मी पाळक नव्हे, कीर्तनकारही नव्हे. पण गोष्ट बागेची आणि वारसाची आहे म्हटल्यावर मुळातून वाचणे भाग पडले. मराठीत बायबल वाचायला अडचण नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे त्याचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्या वारल्या. ही गोष्ट जुन्या करारात 'राजे' नावाच्या पहिल्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात आहे.

अहाब हा इस्राएलचा राजा. काळ इसवी सनापूर्वी नववे शतक, इ.स.पूर्व ८५३ च्या एका मोठ्या लढाईत तो होता, असे अश्शूरच्या राजाच्या शिलालेखात नोंदलेले आहे. इज्रेल गावी त्याचा वाडा होता आणि वाड्याला लागून नाबोथ नावाच्या शेतकऱ्याची द्राक्षबाग. राजाला ती हवी होती. कशासाठी? तर भाजीचा मळा करायला! हे वाचून मी थांबलोच. नारायणगाव-जुन्नरच्या कोणाही बागायतदाराला विचारा. लावण, कलम, वेलीला वळण, दरसालच्या छाटण्या, एवढे करून पहिला माल हाती यायला दीड-दोन वर्षे जातात, आणि मग ती बाग पुढे कितीतरी वर्षे पोसते. ती उपटून राजाला तिथे भाजी लावायची होती, कारण काय, तर वाड्याला जवळ पडते.

पण राजाने सुरुवात वाईट केली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याने रीतसर विचारले. याहून चांगली बाग बदल्यात देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे म्हणाला. नाबोथाने नकार दिला. मराठी बायबलात त्याच्या जमिनीला 'वतन' हा शब्द आहे आणि तो अगदी नेमका बसतो. त्या लोकांच्या शास्त्राप्रमाणे जमीन मुळात देवाची. कुटुंबाकडे ती सांभाळायला दिलेली. म्हणून ती कायमची विकायची नाही, आणि अडचणीत विकली तरी पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परत यायची. नाबोथ हट्टी नव्हता. आपल्या एकट्याची नसलेली वस्तू तो विकत नव्हता, एवढेच. आणि राजाकडे भूसंपादनाचा कायदा नव्हता! आपल्याकडे १८९४ पासून सरकारच्या हाती तो आहे, १९६१ साली औद्योगिक विकास महामंडळाचा निराळा कायदा आला, आणि १८९४ चा जाऊन २०१३ चा आला तेव्हा मोबदला व पुनर्वसन यांत काही सुधारणा झाली. पण नको म्हणण्याची जी सोय नाबोथाला होती, ती पिंपरी-चिंचवडच्या शेतकऱ्याला क्वचितच मिळाली. असो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

राजा घरी आला, तोंड फिरवून निजला, जेवेना. राणी ईजबेल म्हणाली, राजा तुम्ही आणि रडता काय, बाग मी मिळवून देते. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाचा शिक्का मारला आणि नाबोथाच्याच गावच्या पंचांना पाठवली. उपासाचा दिवस जाहीर करा, गाव जमवा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, समोर दोन नालायक माणसे बसवा आणि त्यांच्याकडून साक्ष वदवून घ्या, की याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले. मग बाहेर नेऊन दगडांनी मारा. पंचांनी तसेच केले.

मंडळी, यातली बारीक गोष्ट पाहा. देहान्त शिक्षेला दोन साक्षीदार हवेत, असा त्यांच्या शास्त्राचा दंडक होता. साक्षीदार बरोबर दोन होते! शिक्का खरा होता. सभा रीतसर होती, उपाससुद्धा पाळला गेला. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही आणि मजकूर पहिल्या शब्दापासून खोटा. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाविषयी 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका घराघरांत माहीत आहे. एक अक्षर बदलायला शाई कितीशी लागते? दोन साक्षीदार उभे करून अंगठा घ्यायलाही वेळ लागत नाही.

त्या पंचांपैकी एकानेही हरकत घेतल्याचे बायबल सांगत नाही. पुढे त्यांचे काय झाले, तेही सांगत नाही. मला गोष्टीत ही एक उणीव खटकते. राजा-राणीचा हिशेब देवाने घेतला. पण ज्यांनी नाबोथाला लहानपणापासून पाहिले होते, ज्यांचे बांध त्याच्या बांधाला लागून असतील, त्यांचा?

नाबोथ मेल्याची खबर आली तसा राजा बागेचा ताबा घ्यायला उतरला. तिथे, बागेतच, एलीया नावाचा संदेष्टा त्याच्यापुढे उभा राहिला. वाड्यात नाही, दरबारात नाही. जिथे चोरी झाली त्या वेलींमध्ये. खून केलास आणि वर ताबाही घेतोस काय, असे त्याने राजाला देवाच्या नावाने विचारले आणि शिक्षा सुनावली: नाबोथाचे रक्त कुत्र्यांनी चाटले तिथे तुझेही चाटतील, तुझे घराणे बुडेल. एलीयाजवळ ना फौज ना अधिकारपद. आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना, नारायणरावाच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे तोंडावर सांगितले आणि आपली मोठी जागा सोडून दिली. त्या जातीचा हा माणूस.

आता येतो दयेचा भाग. अहाबाने ते ऐकून कपडे फाडले, अंगावर गोणपाट घेतले, उपास केला, मान खाली घालून वावरू लागला. तेव्हा देव एलीयाला म्हणतो, की हा नमला आहे म्हणून याच्या हयातीत मी याच्या घराण्यावर ते अरिष्ट आणणार नाही; याच्या मुलाच्या काळात आणीन.

भोसरीच्या काकूंनी सांगितलेली माफी ती ही. नीट वाचले तर हिला माफी म्हणता येत नाही. ही मुदत आहे. दुष्काळी साली पीककर्जाची वसुली पुढे ढकलतात, तेव्हा कर्ज फिटत नाही, सवड मिळते. ही सवडसुद्धा लहान दया नव्हे. इतका नीच गुन्हा केलेल्या माणसाचे उतरलेले तोंड देवाने पाहिले, हे मला मोठे वाटते. काकूंचे तेवढे खरे आहे. पण मुदत कशासाठी असते? अहाबाने उपास केला, गोणपाट नेसले. बाग परत केली, असे एक अक्षर तिथे नाही. परत करायला कोणी उरले नव्हते म्हणावे, तर तेही पटत नाही. नाबोथाच्या मुलांचेही रक्त सांडल्याचा उल्लेख पुढे येतो हे खरे. पण त्या समाजात मुलगा नसेल तर मुलगी, ती नसेल तर भाऊ, चुलते, जवळचा भाऊबंद असा वारसाचा क्रम ठरलेला होता. आणि मुलीचे नाव त्या क्रमात कसे आले, ठाऊक आहे? सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुलींनी मोशेसमोर उभे राहून बापाच्या जमिनीत हिस्सा मागितला, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे असा देवाने निर्वाळा दिला, म्हणून. तेव्हा देणाऱ्याच्या मनात असते, तर घेणारा सापडलाच असता.

पुढे अहाब लढाईत बाण लागून मेला. बाग मुलाकडे, योरामाकडे आली. वर्षांनी येहू नावाच्या सेनापतीने बंड केले, तेव्हा योराम त्याला सामोरा गेला तो नेमका नाबोथाच्या शेतात; तिथेच मेला आणि त्याचे प्रेत तिथेच टाकण्यात आले.

बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला, हा कुठला न्याय, असे तुम्ही विचाराल. बायबललाही तो प्रश्न पडलेला आहे. बापाने आंबट द्राक्षे खावीत आणि दात पोराचे आंबावेत, अशा अर्थाची म्हण त्या देशात होती; यहेज्केल संदेष्ट्याने ती म्हण यापुढे वापरूच नका, ज्याचे पाप त्याच्यापाशी, असे सांगितले. मला दोन्हींचा मेळ असा दिसतो: योरामाने खून केला नव्हता, पण बाग त्याच्या कब्जात होती. बापाचे पाप रक्तातून येत नसेल. सातबाऱ्यावरून मात्र येते.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. आपल्या पट्ट्यात १९५४ च्या सुमारास पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला, १९६२ पासून औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी जाऊ लागल्या, पुढे नव्वदच्या दशकात चाकणची पाळी आली. कांद्याच्या आणि भाजीच्या शेतांवर गाड्यांचे कारखाने आणि गोदामे उभी राहिली. जमीन गेल्याने माणसे हलली, पण घरे मोडली ती पैसा आल्यावर. चुलत्याने पुतण्याचे नाव वगळले, भावाने बहिणीची सही घेतली, म्हाताऱ्या आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतले. करणारे कित्येक जण आज हयात नाहीत. त्यांची नातवंडे खेडच्या, वडगावच्या कोर्टात तारखा मोजत आहेत, आणि आजोबांनी नेमके काय केले हे त्यांना वकिलाकडून कळते.

अशा घरांत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, बहिणीने मन मोठे करावे. इथून जवळच्या देहूची गोष्ट या लोकांना मी आठवण करून देतो. दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना माहीत असते. त्याआधी काय केले, ते विसरतात. धाकटे भाऊ कान्होबा यांच्याशी खतांची वाटणी केली, त्यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा, असे सांगतात. दुसऱ्याच्या वाट्यावर तुकोबा उदार झाले नाहीत. बहिणीचे मन मोठे व्हावे असे म्हणणाऱ्यांनी आधी तिचा वाटा तिच्या हातात ठेवावा. मग तिने तो ठेवावा, की भाच्यांच्या शिक्षणाला द्यावा, की नदीत टाकावा, तो तिचा अधिकार.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. भाऊ रडला तो खोटा रडला, असे मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस आहे. त्याच्यावरचा राग तुम्ही सोडू शकलात तर सोडा. त्याच्याकडे जा, त्याला पेज भरवा. पण राग सोडणे आणि हिस्सा सोडणे ही दोन वेगळी खाती आहेत. अहाबाच्या गोष्टीत देवानेही ती वेगळीच ठेवली. हिस्सा मागण्यात पाप नाही. उलट भाऊ हयात आहे, त्याची जीभ चालते आहे, तोवर हा हिशेब मिटला तर त्याच्या मुलांवरचे ओझे उतरेल. हे वहिनींनाही सांगून पाहा, आणि सांगायला एखादे वडीलधारे माणूस बरोबर न्या.

कायद्याचेही दोन शब्द. २००५ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेली मुलगीसुद्धा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. वडील २००५ साली हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुम्हाला मागल्या दिवाळीत कळले. दिवस मोजत राहा. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा, फेरफाराचा उतारा घ्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्टाबाहेर मिटले तर सगळ्यात बरे, पण मिटवताना कागद करा आणि सही करण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्या.

काकूंना माझा नमस्कार सांगा, आणि त्याच बायबलात 'राजे' याच्या दुसऱ्या पुस्तकाचा आठवा अध्याय दोघींनी मिळून वाचा. इज्रेलपासून समोरच्या बाजूला थोड्याच अंतरावर शूनेम नावाचे गाव होते. तिथली एक बाई सात वर्षांच्या दुष्काळात अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून घरदार सोडून परमुलखात जगायला गेली. परत आली तो घर आणि शेत दुसऱ्यांच्या हाती. ती थेट राजाकडे गेली आणि मागणे मांडले. राजाचे नाव तिथे दिलेले नाही; पण पुस्तकाच्या क्रमाने पाहिले तर तो योरामच, ज्याच्या कब्जात नाबोथाची बाग होती तो! त्याने तिची चौकशी केली, एक अधिकारी तिच्याबरोबर दिला आणि हुकूम केला, की हिचे जे जे होते ते परत द्या, आणि ही गेली त्या दिवसापासून आजपर्यंतचे शेताचे उत्पन्नही द्या.

शेत तर दिलेच, वर सात सालांचे उत्पन्न. सरकारी नोकरीतला माणूस म्हणून माझे लक्ष त्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. साली सातही दुष्काळाची. गहू किती उतरला, सातू किती, बांधावरची जैतुनाची झाडे धरली की नाही, हे त्याला कब्जेदारांच्या तोंडूनच काढावे लागले असणार, आणि ते काही खुशीने सांगत नसणार. त्याने आणेवारी किती धरली, हे बायबलात दिलेले नाही.